गाडी सुरू होत नाही? आधी विचारा, मग किक मारा

जुलै महिना होता. तीन दिवस पावसाने उसंत दिली नव्हती. रात्री दोनच्या सुमारास अम्मीने आमच्या खोलीचे दार वाजवले. अब्बांना दम्याचा जोराचा झटका आला होता. नेहमीचा पंप मारूनही श्वास खाली बसत नव्हता. आमचे गाव चिपळूण तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याशी. दवाखाना अकरा किलोमीटरवर. मी लुंगीवरच रेनकोट चढवला, अंगणात उभी असलेली मोटारसायकल पुढे घेतली आणि किक मारली.

गाडी सुरू झाली नाही.

चोक ओढला, पुन्हा किक मारली. मग अ‍ॅक्सिलरेटर पिळत मारली. मग चिडून मारली. चाळीस-पन्नास किका झाल्या असतील. पाय भरून आले, पेट्रोलचा वास सुटला, पण इंजिन साधे खोकलेसुद्धा नाही. शेवटी माझ्या पत्नीने डोक्यावर इरले घेऊन वाडीच्या टोकाला राहणाऱ्या रिक्षावाल्या चाचांना उठवले. या सगळ्यात पंचवीस मिनिटे गेली. अब्बा वाचले, बरे झाले, अल्हम्दुलिल्लाह. पण डॉक्टरांचा प्रश्न अजून माझ्या कानातून जात नाही : "इतका उशीर का केलात?"

सकाळी नाक्यावरच्या गॅरेजवाल्या मामूंना बोलावले. त्यांनी किकला हातही लावला नाही. आधी विचारले, "गाडी रात्रभर पावसात होती का?" मग प्लगची टोपी ओढून काढली आणि उलटी झटकली. पाण्याचे दोन थेंब बाहेर पडले. टोपीचे रबर चिरले होते, त्यातून पाणी आत गेले होते. प्लग खोलला, तर तो पेट्रोलने चिंब. प्लग पुसला, टोपी कोरडी केली, चोक बंद केला. तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली. सगळे मिळून दहा मिनिटांचे काम.

जाताना मामू म्हणाले, "सर, वर्गात एखादे पोर उत्तर देईना, तर तुम्ही त्याला आधी विचारता ना, कुठे अडलास म्हणून? की नुसत्या छड्या मारता? काल रात्री तुम्ही गाडीला नुसत्या छड्या मारल्यात."

मी गप्प बसलो. बी.एड.ला आम्हाला नैदानिक चाचणी शिकवतात. भागाकार चुकणाऱ्या मुलाला पुन्हा शंभर भागाकार घालून उपयोग नसतो. तो हातच्यात चुकतो, वजाबाकीत चुकतो की पाढ्यात, हे आधी शोधायचे आणि तेवढेच पुन्हा शिकवायचे. हे मी इतकी वर्षे शाळेत करतो आहे. घरच्या गाडीच्या बाबतीत मात्र कधी केले नव्हते. त्यानंतरच्या रविवारी मामूंच्या गॅरेजमध्ये बसून जे शिकलो, ते येथे मांडतो. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी एक तरी मोटारसायकल असते, आणि ती नेमकी गरजेच्या वेळी रुसते.

इंजिनाला हवे तरी काय?

पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनाला तीन गोष्टी लागतात. पहिली, हवेत योग्य प्रमाणात मिसळलेले पेट्रोल. दुसरी, ते मिश्रण दाबून धरणारा घट्ट सिलिंडर. तिसरी, नेमक्या क्षणी पडणारी ठिणगी. या तिन्ही गोष्टी वेळेवर मिळाल्या, तर इंजिन सुरू होण्यावाचून राहत नाही. नाही झाले, तर यांपैकी एक कमी आहे. कोणती, एवढेच शोधायचे असते. शोधताना क्रम एकच ठेवायचा : आधी फुकटचे, मग स्वस्तातले, शेवटी खर्चाचे.

आधी डोळ्यांनी पाहा

हत्यार हातात घेण्याआधी एक मिनिट नुसते पाहा. उजव्या हँडलवर लाल रंगाचे बटण असते. ते बंद असेल, तर किती किका मारल्या तरी गाडी सुरू होणार नाही. लहान मुले उभ्या गाडीवर बसून खेळतात, तेव्हा हमखास हेच बटण दाबले जाते. गाडी न्यूट्रलमध्ये आहे का, हिरवा दिवा लागतो का, ते पाहा. आजच्या अनेक गाड्यांत साइड स्टँड खाली असताना गाडी गिअरमध्ये असेल, तर इंजिन सुरू होत नाही. काही गाड्यांना सेल्फ मारताना क्लच दाबावाच लागतो.

मग टाकीचे झाकण उघडून पेट्रोल डोळ्यांनी पाहा. काटा खोटे बोलू शकतो. जुन्या गाडीत टाकीखालचा कॉक बंद आहे, चालू आहे की रिझर्व्हवर आहे, तेही तपासा. एवढ्या तपासणीत घरबसल्या सुटणाऱ्या गाड्या किती, असे मी मामूंना विचारले. ते हसून म्हणाले, "मोजल्या नाहीत, पण लाजेने पैसे देऊन जाणारे पुष्कळ असतात."

पहिला प्रश्न : इंजिन फिरते का?

चावी फिरवा आणि सेल्फचे बटण दाबा. इंजिन फिरतच नसेल, तर आपण पेट्रोलचा विचारही करायचा नाही. दुखणे बॅटरीच्या बाजूला आहे. चावी लावल्यावर एकही दिवा लागत नसेल, तर मुख्य फ्यूज उडालेला असेल किंवा बॅटरीची वायर सैल झालेली असेल. दिवे लागतात, पण बटण दाबताच मंद होतात आणि टक-टक-टक असा आवाज येतो, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा तिच्या टोकांवर पांढरट-हिरवी भुकटी साचली आहे. हॉर्न रडका वाजतो का, ही सोपी परीक्षा. मीटर असेल तर आणखी उत्तम. गाडी बंद असताना पूर्ण भरलेली १२ व्होल्टची बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. आकडा १२च्या खाली असेल, तर ती चार्ज करायला हवी.

टोकांवरची भुकटी खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने फडके भिजवून पुसता येते. वायर काढताना आधी वजा चिन्हाची काढायची, लावताना तीच शेवटी लावायची. म्हणजे पाना चुकून गाडीच्या लोखंडाला टेकला तरी शॉर्ट होत नाही. फ्यूज उडाला असेल, तर तितक्याच अँपिअरचा दुसरा लावा. फ्यूजच्या जागी तांब्याची तार बसवण्याचा घरगुती उपाय कधीही करू नका. त्यातून वायरिंग जळते, आणि वायरिंगच्या वरच पेट्रोलची टाकी असते.

बॅटरी उतरली असली तरी जुन्या कार्बोरेटरच्या अनेक गाड्या किकने सुरू होतात, कारण त्यांची ठिणगी बॅटरीवर अवलंबून नसते. नव्या गाड्यांचे तसे नाही. त्यांच्याविषयी पुढे सांगतो.

दुसरा प्रश्न : प्लग ओला की कोरडा?

सेल्फने किंवा किकने इंजिन फिरते आहे, पण पकडत नाही, अशा वेळी मामूंचा सगळा भरवसा एका गोष्टीवर असतो : प्लग. दहा-बारा किका मारून झाल्यावर टोपी काढायची, प्लगभोवतीची माती फुंकून किंवा ब्रशने झाडायची आणि प्लगपान्याने प्लग खोलायचा. माती न झाडता खोलला, तर ती सरळ सिलिंडरमध्ये पडते. इंजिन तापलेले असेल, तर आधी निवू द्या.

प्लगचे टोक कोरडे ठणठणीत असेल, तर पेट्रोल वर पोहोचत नाही. पेट्रोलच्या बाजूने शोध घ्या. टोक ओले असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर पेट्रोल पोहोचते आहे. एक तर ठिणगी पडत नाही, नाहीतर पेट्रोल गरजेपेक्षा जास्त झाले आहे. टोक काळ्या कोरड्या काजळीने भरले असेल, तर मिश्रणात पेट्रोल जास्त आणि हवा कमी आहे. एअर फिल्टर तुंबला असेल किंवा चोक ओढलेलाच राहिला असेल. काळे आणि तेलकट असेल, तर इंजिनातले ऑइल जळते आहे. ते काम गॅरेजचे. निरोगी प्लगचे टोक फिक्या तपकिरी किंवा राखाडी रंगाचे असते.

ओला की कोरडा, या एका प्रश्नाने निम्मे रस्ते बंद होतात आणि शोध एकाच बाजूला जातो. त्या रात्री मी हा प्रश्न विचारला असता, तर टोपी नक्की काढली असती आणि पाणी समोरच दिसले असते.

प्लग ओला असेल तर

आधी प्लग पुसून कोरडा करा. टोपीच्या आत पाणी, गंज किंवा चीर आहे का, ते पाहा. टोपीत ओल असली की करंट प्लगच्या टोकापर्यंत न जाता वाटेतच इंजिनाच्या लोखंडात उतरतो. कोरड्या फडक्याने पुसून टोपी घट्ट बसवली, तर पावसाळ्यातले निम्मे रुसवे निघतात.

ठिणगी तपासायची असेल, तर आजूबाजूला सांडलेले पेट्रोल पुसा, कॉक बंद करा आणि बिडी-सिगारेटवाल्याला लांब पाठवा. प्लग टोपीत बसवून त्याची धातूची बाजू इंजिनाच्या लोखंडाला नीट टेकवा, प्लगच्या भोकापासून दूर. टोपी जाड कोरड्या फडक्याने धरा. या वायरीत हजारो व्होल्ट असतात, म्हणून उघड्या किंवा ओल्या हाताने धरू नका. चावी चालू करून दुसऱ्याला किक मारायला सांगा. निळसर-पांढरी, टचकन आवाज करणारी ठिणगी दिसली, तर ठीक. नारिंगी आणि मरतुकडी असेल किंवा पडतच नसेल, तर नवा प्लग लावून पाहा. एक जादा प्लग डिकीत असावा, तो याचसाठी. नव्या प्लगवरही ठिणगी नसेल, तर कॉइल, वायर किंवा आतल्या इलेक्ट्रॉनिक भागात दोष आहे. तिथे आपण थांबायचे. प्लग लोखंडाला न टेकवता हवेत लोंबकळत ठेवून किका मारू नका, त्याने आतले भाग जळू शकतात.

ठिणगी चांगली आहे आणि तरी प्लग सतत ओला होतो, तर गाडी ओव्हर झाली आहे. कार्बोरेटरच्या गाडीत चोक बंद करा, कॉक बंद करा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण पिळून धरा आणि सात-आठ शांत किका मारा. आत साचलेले पेट्रोल हवेबरोबर बाहेर पडते. मग कॉक उघडून नेहमीसारखी किक मारा. चोक हा थंड इंजिनासाठी असतो. तापलेल्या गाडीला चोक ओढणे म्हणजे पोट भरलेल्याला जबरदस्तीने घास भरवणे.

प्लग कोरडा असेल तर

आता पेट्रोलची वाट शोधायची. कार्बोरेटरच्या तळाशी एक छोटा स्क्रू असतो. कॉक चालू ठेवून त्याखाली काचेची बाटली धरा आणि स्क्रू थोडा सैल करा. पेट्रोल आले नाही, तर कॉकच्या जाळीत कचरा आहे किंवा टाकीच्या झाकणाचे हवेचे भोक बंद आहे. भोक बंद झाले की टाकीत हवा शिरत नाही आणि पेट्रोल खाली उतरत नाही. अशी गाडी थोडी चालते आणि बंद पडते. झाकण उघडताच फुस्स आवाज येतो आणि मग ती पुन्हा चालते. पेट्रोल मोकळे येते, तरी प्लग कोरडाच राहतो, तर कार्बोरेटरच्या बारीक जेटमध्ये कचरा अडकला आहे. तो साफ करणे मात्र मिस्त्रीचे काम.

बाटलीतले पेट्रोल एक मिनिट स्थिर ठेवून उजेडात पाहा. तळाशी वेगळा थर दिसला, तर पाणी आले आहे. कोकणातल्यांनी इकडे जास्त लक्ष द्यावे. हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल पाणी ओढून घेते. पाणी फार झाले की ते इथेनॉलला सोबत घेऊन तळाशी बसते, आणि इंजिनाकडे आधी तळाचेच जाते. म्हणून पावसाळ्यात महिना-दोन महिने गाडी उभी राहणार असेल, तर झाकणाचे रबर तपासा आणि टाकी अर्धी रिकामी ठेवू नका. आत जितकी हवा कमी, तितकी ओल कमी.

नव्या गाडीचे वेगळे कान

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ नियम लागू झाले आणि साध्या १००-१२५ सीसीच्या गाड्यांतही बहुतेक ठिकाणी कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आले. या गाडीला हाताने ओढायचा चोक नसतो. तिची तपासणी कानाने सुरू होते. चावी चालू केली की टाकीतून दोन-तीन सेकंद बारीक झूंऽऽ असा आवाज यायला हवा. तो पेट्रोलचा पंप. आवाज आलाच नाही, तर फ्यूज, वायरिंग, बॅटरी किंवा पंप यांत दोष आहे. बॅटरी पार बसली असेल, तर पंप आणि इंजिनाचा मेंदू दोन्ही उपाशी राहतात. मग किक मारून किंवा ढकलूनही बहुधा उपयोग होत नाही.

मीटरवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा असतो. गाडी सुरू झाल्यावरही तो जळत राहिला किंवा लुकलुकत राहिला, तर गाडीने स्वतःच दोष नोंदवून ठेवला आहे. मिस्त्री तो वाचू शकतो. पंपाची पेट्रोलची नळी दाबाखाली असते, ती घरी खोलू नका. आणि अशी गाडी शेवटच्या थेंबापर्यंत चालवण्याची सवय सोडा. पंप टाकीतल्या पेट्रोलनेच थंड राहतो.

ठिणगी आहे, पेट्रोलही आहे, तरीही?

मग हवा आणि दाब उरतात. एअर फिल्टर खोलून पाहा. शेजारच्या एका बंद पडलेल्या गाडीच्या फिल्टरच्या डब्यात उंदराने गवत आणि कापूस भरून घर केले होते, हे मी स्वतः पाहिले आहे. किक नेहमीपेक्षा फार हलकी, अडथळ्याशिवाय खाली जात असेल, तर सिलिंडर दाब धरत नाही. व्हॉल्व्ह, टॅपेट किंवा पिस्टनच्या रिंगा, असे ते मोठे काम आहे. इथे आपला धडा संपतो आणि कारागिराचा सुरू होतो.

पुरात बुडालेली गाडी

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी चिपळूणमध्ये शिरले, तेव्हा कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या. पाणी ओसरल्यावर अनेकांनी पहिली गोष्ट केली ती किक मारून पाहण्याची. तीच सर्वांत महाग चूक. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवले, तर आतला दांडा वाकू शकतो. बुडालेल्या गाडीची चावी फिरवू नका. बॅटरीची वजा वायर काढा, प्लग खोला, फिल्टर काढा. ऑइल काढून पाहा. ते दुधाच्या चहासारखे दिसत असेल, तर त्यात पाणी आहे. टाकी, कार्बोरेटर आणि ऑइल रिकामे करून मगच, ढकलत किंवा टेम्पोत घालून, ती गॅरेजला न्या.

गॅरेजमध्ये काय सांगाल?

माझ्या एका सहकाऱ्याने गाडीसाठी आधी प्लग बदलला, मग कॉइल, मग बॅटरी. साडेतीन हजार रुपये गेले. दोष निघाला तो वजा वायरीच्या सैल नटात. अंदाजाने सुटे भाग बदलत जाणे म्हणजे दुखणे न विचारता गोळ्या देणे.

मिस्त्रीला नुसते "चालू होत नाही" म्हणू नका. गाडी दिवा विझावा तशी एकदम बंद पडली की गचके खात, खोकत बंद पडली, ते सांगा. एकदम बंद पडली तर संशय बहुधा करंटवर, गचके खात पडली तर बहुधा पेट्रोलवर. गार असताना अडते की तापल्यावर, पावसानंतर की धुतल्यानंतर, गेल्या आठवड्यात काय काम केले होते, हेही सांगा. बदललेला जुना भाग परत मागा. प्रामाणिक कारागिराला त्याचा राग येत नाही.

एक गोष्ट मात्र गाडीच्या ज्ञानापेक्षा मोठी आहे. त्या रात्री माझी खरी चूक किक मारण्याची नव्हतीच. श्वास अडकलेल्या म्हाताऱ्या माणसाला भर पावसात मोटारसायकलवर नेण्याचा विचार हीच चूक होती. रुग्ण घरात असेल, तर गाडी सुरू होते की नाही हे पाहत बसू नका. आधी १०८ ला फोन लावा, शेजारच्या रिक्षावाल्याला उठवा. नंबर दाराच्या मागे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. आमच्या दारामागे आता तीन नंबर आहेत, आणि त्यांच्याखाली मुलीने वहीच्या कागदावर लिहिलेली यादी : लाल बटण, न्यूट्रल, पेट्रोल, दिवे-हॉर्न, टोपी, प्लग ओला की कोरडा.

यंदा पाऊस सुरू झाला त्या आठवड्यात मी प्रशिक्षणासाठी रत्नागिरीला होतो. दुपारी घरून फोन आला. आमची मुलगी नववीत आहे, तिला गाडी चालवायची परवानगी नाही. पण तिच्या अम्मीला आजोबांची औषधे आणायला जायचे होते आणि गाडी सुरू होत नव्हती. मी काही सांगण्याआधीच ती म्हणाली, "अब्बू, यादी झाली. प्लग कोरडा आहे."

मी विचारले, "मग?"

"मग पेट्रोल येत नाही. काल धाकट्याने कॉक बंद केला होता. आम्ही चालू केला. अम्मी गेलीसुद्धा, मी फक्त सांगायला फोन केला."